आकाशचिन्हांचा परवाना कोण देणार?

महापालिकेच्या कारभारात ‘आकाशचिन्ह’ नावाचा एक शब्द आहे. पुण्यासारख्या शहरात तर आकाशचिन्ह व परवाना असा विभागच आहे. रस्त्यावरून पाहताना आकाशाच्या पार्श्वभूमीवर जाहिरातीचे जे अक्षर, चित्र किंवा साधन दिसते, ते आकाशचिन्ह. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३२८ प्रमाणे आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय असे चिन्ह उभारता येत नाही. इमारतीच्या गच्चीवरचा फलक त्यात येतोच, पण जाहिरातीसाठी वर सोडलेला फुगा आणि पॅराशूटही येते. म्हणजे कायदा करणाऱ्यांची नजर फुग्यापर्यंत पोहोचली होती. त्याच्याही वर कोणी जाहिरात लावील, असे त्यांना वाटले नसावे.

जगात मात्र ही कल्पना आता जुनी झाली आहे. १९९३ मध्ये एका अमेरिकन कंपनीने सुमारे मैलभर रुंदीचा चकचकीत पडदा पृथ्वीभोवती फिरवायचा आणि त्यावर जाहिरात दाखवायची, अशी योजना मांडली. त्यावर गदारोळ झाला. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनीही कडक शब्दांत विरोध केला. सेगन हे नाव आपल्या वाचकांना दुसऱ्या एका कारणाने माहीत असेल. रोहित वेमुलाने आपल्या शेवटच्या पत्रात सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायची इच्छा लिहून ठेवली होती. आकाशातला तो फलक प्रत्यक्षात आला नाही, पण त्यातून अमेरिकेत एक कायदा झाला. दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी जमिनीवरून ओळखू येईल अशी अवकाशातली जाहिरात नेणाऱ्या उड्डाणाला तिथे परवाना मिळत नाही.

पण हा कायदा अमेरिकेचा आहे. तो अमेरिकेच्या परवान्यावर होणाऱ्या उड्डाणांना लागू होतो, जगाला नाही. २००० साली रशियाच्या प्रोटॉन रॉकेटवर पिझ्झा हटचे बोधचिन्ह रंगवून वर गेले. ते जमिनीवरून दिसत नव्हते, म्हणून फारसे कोणाला टोचले नाही. जानेवारी २०१८ मध्ये रॉकेट लॅब या कंपनीने न्यूझीलंडहून आरशांचा एक चमकता गोळा सोडला. त्याला ‘मानवतेचा तारा’ असे गोड नाव दिले. काही आठवड्यांत तो वातावरणात येऊन जळून गेला, पण एखादी कंपनी ठरवेल तर साऱ्या जगाला दिसणारी चांदणी टांगू शकते, हे सिद्ध झाले. २०१९ मध्ये स्टार्टरॉकेट या रशियन कंपनीने छोट्या उपग्रहांचा ताफा वापरून आकाशात अक्षरे उमटवण्याची योजना जाहीर केली. पेप्सीच्या रशियातील शाखेने एका एनर्जी ड्रिंकसाठी त्यात रस दाखवला. टीका झाल्यावर मूळ कंपनीने हात झटकले. २०२२ मध्ये रशियातीलच संशोधकांनी याचा जमाखर्च मांडणारा अभ्यास प्रसिद्ध केला. पन्नासच्या आसपास छोटे उपग्रह, सुमारे साडेसहा कोटी डॉलर खर्च, आणि मोठ्या शहरांवर जाहिराती दाखवल्या तर धंदा नफ्यात येऊ शकतो, असा त्याचा सूर होता.

हे चालते कसे, ते समजून घेऊ. उपग्रहाला स्वतःचा उजेड नसतो. जमिनीवर अंधार पडलेला असतो, पण पाचशे किलोमीटर उंचीवर ऊन असते. त्या उन्हात उपग्रह परावर्तक पडदा उघडतो आणि खालच्या माणसाला ठिपका दिसतो. असे अनेक ठिपके रांगेत आले की अक्षर होते. म्हणून ही जाहिरात मध्यरात्री नाही, तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी दिसणार. कामावरून सुटलेला माणूस घरी परततो ती वेळ, आणि पहाटेची पाळी गाठायला निघतो ती वेळ. जाहिरातदाराच्या दृष्टीने यापेक्षा चांगली वेळ नाही. मोठ्या शहरांच्या या हिशेबात मुंबई येणारच. आणि झोत मुंबईकडे वळवला तरी त्याला वॉर्डाची हद्द कळत नाही. खाडी ओलांडायला त्याला अटल सेतू लागत नाही.

त्या सेतूच्या या टोकाला न्हावा-शेवा आहे. आकाशावरचा हक्क ही काय चीज आहे, हे समजायला या किनाऱ्याइतकी चांगली जागा नाही, असे मला वाटते. कारण इथे जमीन, खाडी, मासा आणि रात्र या चारही गोष्टी एकामागून एक लोकांच्या हातून गेल्या आहेत.

जमीन आधी गेली. नवी मुंबई आणि बंदरासाठी झालेल्या संपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्या रक्तातून आले. २६ मे १९८९ ला बंदर सुरू झाले. शेव्याच्या जुन्या कोळीवाड्याचे पुनर्वसन झाले, पण नव्या जागेला वाळवी लागली आणि हनुमान कोळीवाड्याचे लोक अजून नीट पुनर्वसनासाठी भांडत आहेत. खाडीत भराव पडले, मासेमारीच्या जागा आटल्या. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यावी असा निकाल दिला. पुढे ती लढाई वरच्या न्यायालयात गेली. त्या निकालात एक गोष्ट महत्त्वाची होती. समुद्राचा सातबारा कोळ्यांच्या नावावर नव्हता, तरीही समुद्रावर त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क आहे आणि तो हिरावला तर नुकसान होते, हे तिथे मान्य झाले.

आकाशाचा सातबारा तर कोणाच्याच नावावर नाही.

२०२४-२५ मध्ये या बंदराने ७३ लाखांच्या आसपास टीईयू कंटेनर हाताळले. क्रेन, उंच खांबांवरचे दिवे, कंटेनर यार्ड, सेतूवरच्या दिव्यांची रांग आणि आता विमानतळ. खाडीच्या तोंडाशी उभे राहिले तर उत्तरेकडचे क्षितिज रात्रभर फिकट पांढरे असते. गोदीतल्या कामगाराला उजेड हवाच. अंधाऱ्या यार्डात कंटेनर उतरवायला लावणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. त्यामुळे बंदरातले सगळे दिवे बंद करा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण तोच दिवा खाली तोंड करून लावला तर जमिनीवर पडतो आणि वर तोंड करून लावला तर आभाळात वाया जातो. हा फरक लक्षात ठेवू, पुढे त्याचे काम आहे.

उजेड गरजेचा किती असतो, हे न्हाव्यासमोरच्या घारापुरी बेटावरच्या लोकांना विचारावे. ज्या बेटावर लेणी पाहायला जगभरातून लोक येतात, जिथल्या पूर्वेकडच्या टेकडीवर विटांचा स्तूप आहे, त्या बेटावरची राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर ही गावे वर्षानुवर्षे जनरेटरच्या काही तासांच्या विजेवर राहिली. समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. समोर देशातले मोठे कंटेनर बंदर रात्रभर लखलखत होते आणि काही किलोमीटर पाण्याच्या अलीकडे पोरे दिव्यावर अभ्यास करत होती. योगायोग असा की त्याच वर्षी, त्या केबलच्या महिनाभर आधी, तो आरशांचा गोळा आकाशात गेला होता.

म्हणून हा विषय काढला की वस्तीतल्या कार्यकर्त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. पाणी नाही, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये साक्षीदार फुटतात आणि तुम्हाला चांदण्यांची काळजी? प्रश्न खोटा नाही. अंधाराचे कौतुक करणे ज्यांच्या घरी दिवा कधी विझला नाही त्यांना परवडते. बाबासाहेबांनी अंधाराचे कौतुक कधी केले नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळताना विजेच्या नियोजनाचा पाया घालण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९४४ चे केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ त्याच काळातले. स्वस्त आणि पुरेशी वीज ही त्यांच्या दृष्टीने गरिबी हटवण्याची अट होती.

पण वीज मागणे वेगळे आणि आकाश विकू देणे वेगळे. वस्तीतल्या गल्लीत दिवा लागला तर त्याचा फायदा त्या गल्लीला होतो. आकाशात एनर्जी ड्रिंकचे नाव लागले तर गल्लीतल्या एकाही बाईला रात्री शौचालयापर्यंत जायला त्याचा उजेड पुरत नाही. पैसे कंपनीला मिळतात. खाली माणसांना मिळते ती फक्त एक सक्ती, बघण्याची. टीव्हीची जाहिरात बंद करता येते, फोन उलटा ठेवता येतो, होर्डिंग असलेला रस्ता टाळता येतो. आभाळ टाळून कुठे जाणार? आणि ज्यांच्या घराला छप्पर धड नाही, जे रात्री ओट्यावर, फुटपाथवर, होडीत झोपतात, त्यांच्या डोळ्यांवर ही जाहिरात सर्वांत जास्त वेळ राहणार. पडदे लावलेल्या फ्लॅटला ती दिसणारही नाही.

होर्डिंगच्या धंद्याला हद्द नसली की काय होते, ते आपण पाहिले आहे. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर १२० फूट बाय १२० फुटांचा फलक कोसळला आणि १७ जण मेले. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची होती. जमीन लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली. परवानगी नेमकी कोणाची लागते, यावर दोन यंत्रणांचे आधीपासून पटत नव्हते. फलक नीट दिसावा म्हणून जवळची झाडे विष घालून मारली गेल्याची तक्रार महापालिकेने त्यापूर्वीच पोलिसांत दिली होती. तो पूर्व द्रुतगती मार्ग आणि तो परिसर आपल्याला नवा नाही. माता रमाबाई आंबेडकर नगर तिथेच आहे, जिथे ११ जुलै १९९७ च्या गोळीबारात दहा जणांचे बळी गेले. अपघात आणि गोळीबार एका मापाने मोजता येत नाहीत, हे मान्य. पण ज्यांच्या जिवाची किंमत कमी धरली जाते त्यांच्याच डोक्यावर अशा गोष्टी उभ्या राहतात, हे पाहायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

घाटकोपरात दोन यंत्रणांच्या हद्दीच्या फटीत फलक उभा राहिला. अवकाशात तर अशी फट नाही, सगळे मैदानच मोकळे आहे. १९६७ चा बाह्य अवकाश करार सांगतो की अवकाश कोणत्याही राष्ट्राच्या मालकीचे नाही आणि त्याचा वापर सर्व देशांच्या हितासाठी, सर्वांना मुक्त असावा. खासगी कंपनीने तिथे काही केले तरी जबाबदारी तिच्या सरकारची, हेही त्यात आहे. भारत या कराराचा पक्षकार आहे. पण ‘मुक्त वापर’ या शब्दांत जाहिरातीचा वापर बसतो की नाही, ते करार सांगत नाही. कंपन्या म्हणतील, आम्हीही मुक्तपणे वापरतो आहोत, तुम्हाला कोणी आकाशाकडे बघायला मनाई केली आहे का?

हा युक्तिवाद रायगड जिल्ह्याने ऐकलेला आहे. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचे ठरवले. कागदावर हक्क पूर्ण होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तो प्रत्यक्षात बजावला, तेव्हा आधी मारहाण झाली आणि नंतर कोर्टात दावा आला की तळे सार्वजनिक नाहीच, खासगी आहे. तो निकाल उच्च न्यायालयातून लागायला १७ मार्च १९३७ उजाडले. महाडचा लढा माणूस म्हणून समान असण्याचा होता. आकाशातल्या जाहिरातीला त्याच्या शेजारी बसवून मी त्याची उंची कमी करू इच्छित नाही. मात्र त्या खटल्यातून कार्यकर्त्याने शिकण्यासारखे एक आहे. ‘सर्वांसाठी खुले’ हे शब्द स्वतःहून काही करत नाहीत. खुले म्हणजे कोणासाठी, कशासाठी आणि कोणाला अडवण्यासाठी, हे कोणीतरी भांडून लिहून घ्यावे लागते. नाहीतर ज्याच्याकडे साधने आहेत तो सार्वजनिक वस्तूला आपली वस्तू करून टाकतो.

आता थोडे गुंतागुंतीचे. आकाश फक्त जाहिरातीने बिघडते असे नाही. २०१९ पासून स्टारलिंकचे उपग्रह हजारोंच्या संख्येने वर गेले. २०२२ मध्ये सोडलेला ब्लूवॉकर ३ हा सुमारे ६४ चौरस मीटर अँटेनाचा उपग्रह कधी कधी सर्वांत तेजस्वी ताऱ्यांइतका उजळ दिसतो, असे निरीक्षणांत आढळले. त्याच कंपनीचा त्याहून कितीतरी मोठ्या अँटेनाचा पुढचा उपग्रह २४ डिसेंबर २०२५ ला श्रीहरिकोट्याहून आपल्याच एलव्हीएम ३ रॉकेटने सोडला. बातम्यांत वजनाचा विक्रम आला, आकाशाचे काय होईल हे फारसे आले नाही. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकशी करार करायचे ठरवले, ते गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिवसारख्या जिल्ह्यांतल्या दुर्गम भागांसाठी. तिथल्या आश्रमशाळेला आणि आरोग्य केंद्राला नेट मिळणार असेल तर मी त्याला विरोध करणार नाही. गडचिरोलीतल्या मुलीला परीक्षेचा अर्ज भरायला तालुक्याला जावे लागू नये, हे मला चांदण्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते.

पण इथेच जाहिरातीचा वेगळेपणा दिसतो. दूरसंचार उपग्रह चमकणे हा त्याच्या कामाचा भाग नाही, तो दुष्परिणाम आहे. काळा लेप, सावलीचे पडदे, दिशेत बदल असे उपाय करून तो कमी करता येतो, आणि तसे प्रयत्न झालेही आहेत. बंदरातला दिवा जसा खाली वळवता येतो तसेच हे. जाहिरातीचे तसे नाही. दिसणे हेच तिचे काम. मंद जाहिरात म्हणजे फसलेली जाहिरात. तिच्याशी तडजोड करायला जागाच नाही. म्हणून इंटरनेटच्या उपग्रहांसाठी नियम मागावे आणि जाहिरातीच्या उपग्रहांसाठी बंदी मागावी, हे मला तर्काला धरून वाटते. अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने अलीकडे अशा जाहिरातींवर आंतरराष्ट्रीय बंदीची मागणी केली आहे. ती शास्त्रज्ञांची मागणी म्हणून तिथेच राहू नये.

पंचशीलातले दुसरे शील आपण दर पौर्णिमेला विहारात म्हणतो. जे दिले गेले नाही ते घेणार नाही. आकाश कोणी कोणाला दिलेले नाही. शिवाय जाहिरात जी वस्तू विकते ती तृष्णा आधी तयार करते, हे धम्म वाचलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये सिद्धार्थ घर सोडतो ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेल्या भांडणामुळे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे. समाईक वस्तूवरचा हक्क हा प्रश्न आपल्या परंपरेत पहिल्या पानापासून आहे.

याच परंपरेतले लोक आकाश कसे राखतात, हे बघायचे तर लडाखला हानले आहे. सतराव्या शतकातल्या गोम्पाच्या परिसरातली ती गावे. शेजारी भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा. डिसेंबर २०२२ मध्ये तो भाग काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. गावकऱ्यांनी दिव्यांना आच्छादने लावली, खिडक्यांना पडदे लावले, आणि गावातल्याच तरुण-तरुणींना दुर्बीण चालवायचे प्रशिक्षण मिळाले. पर्यटकांना आकाश दाखवून त्यांना उत्पन्न मिळते. आपल्याकडे नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये अशीच मान्यता मिळाली आणि आसपासच्या गावांत रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करून बसवले गेले. गावात अंधार झाला नाही. उजेड जमिनीवर आला, इतकेच. न्हावा-शेव्याला हानले करता येणार नाही हे उघड आहे. पण बंदर, सिडको आणि सेतूच्या दिव्यांना टोप्या घाला, ही मागणी करायला कोणी अडवलेले नाही. नवी मुंबईत तसा अनुभवही आहे. नेरूळ जेट्टीजवळच्या फलकाला धडकून फ्लेमिंगो मेल्यावर पक्षीप्रेमींनी आवाज उठवला आणि २०२४ मध्ये सिडकोने तो फलक उतरवला.

आपल्या घरातलेही थोडे पाहावे लागेल. चौदा एप्रिलला चौकाचौकांत लागणाऱ्या फ्लेक्सवर बाबासाहेबांचा चेहरा एका कोपऱ्यात आणि पुढाऱ्यांचे चेहरे त्याच्या तिप्पट असतात. मिरवणुकीत आभाळात सोडलेले लेझर आता विमानतळाजवळ सरळ सरळ धोक्याचे आहेत, डोळ्यांना तर ते आधीपासूनच होते. स्वतःच्या चौकात जाहिरातीची हौस पुरवून घेणारी चळवळ कंपन्यांना आकाश सोडा म्हणाली तर लोक हसतील. निदान एखाद्या पौर्णिमेला विहारातले कार्यक्रम मोठे दिवे बंद करून, चंद्राच्या उजेडात करून बघायला हरकत नाही. वर्षावासाच्या पौर्णिमांना ढग असतात, वैशाखीला नसतात.

मुख्य काम मात्र दिल्ली, अहमदाबाद आणि व्हिएन्नात आहे. भारतात अवकाश धोरण २०२३ मध्ये आले. खासगी कंपन्यांना परवानगी देण्याचे काम अहमदाबादच्या इन-स्पेसकडे आहे. २०१७ साली अवकाश उपक्रम विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला, त्याचा कायदा अद्याप झालेला नाही. तो पुन्हा येईल तेव्हा त्यात एक साधे वाक्य असावे: नुसत्या डोळ्यांनी जमिनीवरून ओळखू येईल अशी जाहिरात नेणाऱ्या उपग्रहाला भारत परवाना देणार नाही आणि भारतीय रॉकेटवर जागाही देणार नाही. दुसऱ्या वाक्याचे महत्त्व जास्त आहे, कारण आपण आता परदेशी कंपन्यांचे उपग्रह पैसे घेऊन सोडतो. अमेरिकेत परवाना न मिळालेला धंदा उद्या श्रीहरिकोट्याचे दार ठोठावू शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या अवकाशविषयक समितीत भारत सुरुवातीपासूनचा सदस्य आहे. तिची कायदेविषयक उपसमिती दरवर्षी व्हिएन्नात बसते. तिथे भारताची भूमिका काय असेल, हा प्रश्न आपल्या भागाच्या खासदाराने लोकसभेत लेखी विचारता येतो. ज्या तरुणांनी शिष्यवृत्तीसाठी माहिती अधिकाराचे अर्ज भरले आहेत, त्यांना इन-स्पेसला असा एक अर्ज भरायला दहा मिनिटे लागतील: आकाशातून दिसणाऱ्या जाहिरातीसाठी आजवर कोणी परवानगी मागितली आहे का, आणि मागितली तर ती कोणत्या नियमाने नाकारणार.